माह्या मयतीत तू बोलायचं नाई

मिलिंद, तुझ्या शोकसभेत तुला ‘हसतमुख’ म्हणाले.

तू ऐकलं नाहीस, कारण समोरच्या ओट्यावर तू पेटलेला होतास. मी ऐकलं. शेडखालच्या सिमेंटच्या बाकावर, पांढऱ्या सदऱ्यात, दोन्ही हात गुडघ्यांमध्ये दाबून बसलो होतो आणि तुझ्या पशुसंवर्धन खात्यातला एक साहेब माझ्याच माईकवरून सांगत होता, की डॉक्टरसाहेब म्हणजे हसतमुख व्यक्तिमत्त्व, मृदुभाषी, कोणाला दुखावणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. मृदुभाषी! अल्लीपूरच्या दवाखान्यात जो कोणी बैलाला भलतंच काही पाजून आणायचा, त्याला तू काय म्हणायचास ते इथे छापता येणार नाही. आणि दुखावण्याचंच म्हणशील, तर शाळेपासूनच्या आपल्या दोस्तीत तू मला टोचलं नाहीस असा एक आठवडा दाखव. सकाळचा चहा होण्याआधी तुला हसताना तुझ्या बायकोनेही पाहिलेलं नाही.

मी उठून तो माईक हिसकावून घ्यायला हवा होता. सगळे त्याचीच वाट पाहत होते. पण तू माझं तोंड शिवून गेला होतास.

तुला हे सगळं माहीत आहे. पण वाचणाऱ्यांना नाही, म्हणून सांगतो. सांगण्याची संधी मी सोडत नाही हेही तुला माहीत आहे. आपल्याकडे चिता पेटली की लोक लगेच घरी जात नाहीत. शेडमध्ये बसतात. कोणीतरी उभं राहून मेलेल्याविषयी बोलतं, मग दोन मिनिटं मौन, मग सगळे आपापल्या मोटारसायकलींकडे धावतात. माझा सिंदी मेघेत मंडप-डेकोरेशनचा धंदा. एका मयतीत बोलणारा आलाच नाही, माईक माझा होता, म्हणून मी उभा राहिलो. लोक रडले. त्या दिवसापासून वर्ध्यात आणि आजूबाजूला माझ्याशिवाय मरणं लोकांना अपुरं वाटू लागलं. मला ते आवडतं, लपवत नाही. तरुणपणी नाटकात काम करायची हौस होती. रंगमंच मिळाला तो हा. टाळ्या पडत नाहीत, पण रुमाल निघतात, आणि प्रेक्षक मध्येच उठून जात नाहीत.

तू नेहमी मागच्या रांगेत. हाताची घडी, चेहरा आंबट. आणि सभा संपली की मोक्षधामाच्या वळणावरची टपरी. मयतीहून आल्यावर आंघोळ केल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही, अशी आमच्या घरची रीत. म्हणून तू मुद्दाम पोहे मागवायचास, वर तर्रीचा लालभडक रस्सा ओतायला लावायचास, प्लेट माझ्या हातात द्यायचास आणि माझ्या भाषणाची चिरफाड सुरू करायचास.

“कष्टाळू होता म्हणे! तो? खाटेवरून उठला तर गाव दिवाळी करे.”

“मंग काय म्हणू? आळशी होता म्हणू? बायको समोर बसून रडून राह्यली.”

“चूप बसायचं. मौन दोनच मिनिटाचं काऊन असते? अर्धा घंटा मौनच ठेवा ना.”

“मंग लोक कायले येतीन बे?”

“नको येऊ दे. हे पाह्य सुधाकर, बैल मरते, म्हैस मरते. कोणी भाषण देते? काही अडते? जगला, मेला, झालं. अर्थ-गिर्थ काही नसते त्यात. तो तू मेल्यावर आणून चिकटवते, मंडपाले झालर लावल्यावानी.”

“मंग लावली झालर. कोणाचं काय बिघडलं? उघडा मंडप पाह्यवते का तुले?”

“मले पाह्यवते.”

हे ‘मले पाह्यवते’ तू ज्या थाटात म्हणायचास ना, त्या थाटाचा मला अजून राग येतो. जणू आम्ही बाकीचे लेकरं, आणि अंधारात एकटा जाऊ शकणारा मोठा माणूस तू.

एकदाच तू पोह्यांची प्लेट खाली ठेवलीस. बोरगाव मेघेतल्या एका माणसाला मी ‘कुटुंबवत्सल’ म्हटलं होतं. तू म्हणालास, “त्याच्या बायकोचा हात पाह्यला? वाकडा जुळला आहे. त्यानंच मोडला होता. अन् तू माईकवर सांगून राह्यला का घरावर त्याचा लई जीव. आता ते बाई कोणाले सांगन? माणूस त जळलाच, तू तिची तक्रार बी जाळून टाकली.”

मी म्हटलं, “अन् तिची पोरगी? उद्या लग्नाची आहे. कोणाची पोरगी म्हणून उभी राहीन ते?”

तू ते मान्य केलं नाहीस. मीही माघार घेतली नाही. पुढच्या प्रत्येक मयतीनंतर आपण त्या बाईपाशी आणि त्या पोरीपाशी परत येत राहिलो. तू बाईच्या बाजूने, मी पोरीच्या. तो वाद अर्धाच राहिला आहे, आणि तू नाहीस म्हणून मी तो तुला बहाल करणार नाही. मला अजूनही वाटतं, की माणसाला मागे उभं राहायला काहीतरी लागतं, मग ते कापडाचं का असेना.

मग एका धान्याच्या दलालाची मयत झाली. थंडी सरत आली होती. त्या दिवशी तू पोह्यांना हात लावला नाहीस. मी विचारलं, “काऊन बे? पोट बिघडलं?” तू म्हणालास, “हाव. जरासं.”

जरासं! मिलिंद, तू नागपूरला जाऊन तपासून आला होतास. यकृतात काय वाढलं होतं आणि ते किती थांबणार होतं, सगळं कळून चुकलं होतं तुला. म्हशीच्या मालकाला तोंडावर ‘हे जगत नाई’ म्हणणारा माणूस तू. आणि माझ्याशी, ‘जरासं’.

टपरीपासून आपण मोटारसायकलीशी आलो. आजूबाजूला कोणी नव्हतं. तू किल्ली हातात फिरवत म्हणालास, “सुधाकर, माह्या मयतीत तू बोलायचं नाई.”

“मंग कोण बोलन? म्हैस?”

“कोणीबी बोलो. तू नाई. वचन दे.”

मी नाटकी माणूस. छातीवर हात ठेवला, आवाज खाली नेला. “दिलं! तुह्या चितेशेजारी हा सुधाकर दगड होऊन बसन!”

तू हसला नाहीस. “आठवण ठेवजो,” म्हणालास आणि गाडीला किक मारलीस.

मला वाटलं, हे म्हातारपणाचं बोलणं आहे. आपण दोघं काठ्या टेकत येऊ, एक आधी जाईल, दुसरा बाकावर बसून दात नसलेल्या तोंडाने हसेल. खरं काय ते मला कळलं तुला दवाखान्यात भरती केल्यावर, संघमित्रा वहिनींच्या फोनने. धावत आलो, तोवर तू बोलण्याच्या पलीकडे गेला होतास. म्हणजे पत्ते सगळे तुझ्या हातात, आणि माझ्याकडून शब्द तेवढा काढून घेतलास. याला वचन म्हणत नाहीत. धंद्यात आम्ही याला वेगळा शब्द वापरतो.

तर असा मी बाकावर दगड होऊन बसलो. बौद्धाचार्यांनी वंदना घेतली, त्रिशरण-पंचशील झालं, अग्नी तुझ्या पोरीने, प्रज्ञाने दिला. मग लोक शेडखाली बसले आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. कोणीतरी हळूच म्हणालं, “सुधाकरभाऊ, उठा ना.” वहिनींनी पाहिलं. प्रज्ञाने पाहिलं. मी खाली पाहिलं. शेवटी तुझ्या खात्यातला तो साहेब घसा खाकरत उठला, आणि तू हसतमुख झालास.

निघताना तुझा चुलतभाऊ राजेंद्र गाडीपाशी उभा होता. मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, “बाकी लोकाइच्या मयतीत घंटा घंटा बोलते. आमच्या माणसाच्या वेळी बरोबर गळा बसला.”

आता सांग, मी काय करायचं होतं? आपल्या गावी, अल्लीपुरात, तुमचं मसण वेगळं, आमचं वेगळं. माझ्या बापाच्या मयतीला तू आलास, तेव्हा आमच्या मसणाच्या तोंडाशी एका म्हाताऱ्याने तुझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी विसरलेलो नाही. तू त्याच्याकडे पाहिलंही नाहीस. सरळ आत आलास आणि लाकडं रचू लागलास. राजेंद्रचं बोलणं कुठून येतं ते मला ठाऊक आहे, म्हणून त्याला उलटून काही म्हणताही आलं नाही. दगड होऊन ऐकलं. तू म्हणशील, लोक काय म्हणतात त्याचं काय मोठं. तुला सोपं आहे. तू नाहीस.

दुसऱ्या दिवशी मी बोरगावला तुझ्या घरी गेलो. प्रज्ञा अंगणात खुर्च्या लावत होती. मला पाहून थांबली.

“काका, तुम्ही कोणासाठीही बोलता. त्या दलालासाठी बोललात, ज्याला तुम्ही नीट ओळखतही नव्हतात. बाबांसाठी एक वाक्य नव्हतं तुमच्याकडे?”

मी तोंड उघडलं. काय सांगणार होतो? ‘तुझ्या बाबांनीच मला मनाई केली होती’ असं? त्याला साक्षीदार एकच, आणि त्याला तिने आदल्याच दिवशी अग्नी दिला होता. मी म्हटलं, “गळा भरून आला होता, बेटा.”

तिने हातातली खुर्ची खाली ठेवली. म्हणाली, “तुमचा गळा मयतीत भरून येत नाही, काका. तुम्ही तो भरून आणता.”

तुझीच पोरगी.

त्यानंतर मी तुझ्याशी जेवढा भांडलो, तेवढा तू असताना भांडलो नसेन. मंडपाचे बांबू मोजताना, गाडी चालवताना, आंघोळ करताना. बायको विचारायची, “कोणाशी बोलून राह्यले?” मी म्हणायचो, एका अडेलतट्टू माणसाशी. माझं म्हणणं एवढंच होतं: मेल्यावर काही उरत नाही, हे तुझंच ना? आत्मा तुला मान्य नव्हता. ‘वरून पाहत असतील’ असं कोणी म्हटलं की तू छताकडे पाहून विचारायचास, “कुठं? पंख्यावर?” मग मी शब्द पाळत होतो तो कोणाचा? जो नाहीच, त्याचा? आणि जी आहे, अंगणात उभी आहे, जिला वाटतंय की तिच्या बापाला त्याच्या जिगरी दोस्ताने ऐन वेळी परकं केलं, तिचं काय? झालर नको म्हणणारा तू, जाताना स्वतःच्या मरणाला एवढा मोठा पडदा लावून गेलास आणि त्याची दोरी माझ्या गळ्यात बांधलीस.

मी वचन मोडायचं ठरवलं. तुझ्याच तर्काने.

आमच्याकडे तेरवी, तुमच्याकडे पुण्यानुमोदन; तुझ्या पुण्यानुमोदनाचा मंडप मी स्वतः बांधला. साधं पांढरं कापड, बाकी काही नाही. समोर बुद्धमूर्ती, शेजारी तुझा फोटो. फोटोत तू हसत नाहीस, एवढी अक्कल कोणीतरी दाखवली होती. वंदना झाली, मेणबत्त्या लागल्या, आणि मी कोणी बोलवायच्या आत उठून माईक घेतला. मागच्या रांगेत राजेंद्रने पाय सरळ केले.

आवाज खाली नेला नाही. नाटकी थांबे घेतले नाहीत. मी सांगितलं, की मिलिंद भांडकुदळ होता, तोंडाचा वाईट होता, आणि जगण्या-मरण्यात काही अर्थ असतो असं म्हणणाऱ्या माणसाला तो रडकुंडीला आणायचा. वचनाचं सांगितलं, जसं घडलं तसं. आणि मग ती गाय सांगितली.

तुला आठवत असेल, किंवा आता काहीच आठवत नसेल. अल्लीपूरच्या पलीकडे, एका म्हातारीच्या गोठ्यात. आपण लग्नाचा मंडप पाहायला चाललो होतो आणि वाटेत तुला फोन आला. गाय विताना आत फाटली होती. म्हातारीने विचारलं, “डाक्टर, वाचन का हे?”

तू म्हणालास, “नाई मावशी. सांजेपर्यंत मरते.”

मी तुला कोपराने ढोसलं. अरे, थोडं तरी सांभाळून सांग. तू माझ्याकडे वळूनही पाहिलं नाहीस. दुखणं कमी व्हायचं इंजेक्शन दिलंस आणि शेणात मांडी घालून बसलास, गाईचं डोकं मांडीवर घेऊन. दुपार सरली. मंडपासाठी लग्नघरचे मला फोन येत राहिले. म्हातारी आधी गाईविषयी बोलली, मग मेलेल्या नवऱ्याविषयी, मग शहरात गेलेल्या लेकाविषयी, आणि तू, जो माझं दहा मिनिटांचं भाषण ऐकून घेत नव्हतास, ते सगळं ऐकत राहिलास. ऊन उतरलं तेव्हा गाय मेली. तेव्हा उठलास.

परतीच्या वाटेवर मी विचारलं, “काही अर्थ नसते म्हणते ना तू? मंग बसून काऊन राह्यला?”

तू म्हणालास, “गाडी गरम झाली होती.”

मी मंडपात सगळ्यांना सांगितलं, की ती गाडी आम्ही त्याच सकाळी सर्व्हिसिंग करून आणली होती. लोक हसले, आणि हसता हसता रुमाल निघाले. वहिनींनी पदर तोंडाला लावला. मी माईक ठेवला आणि खाली बसलो.

आणि मग तो तुझा साहेब आला. माझे दोन्ही हात हातात घेतले. “वा, सुधाकरभाऊ! नेहमीसारखंच! रडवलंत लोकांना.”

नेहमीसारखंच. ऐकलंस? राजेंद्र ताटं मांडत होता, जाता जाता म्हणाला, “बोलले एकदाचे. अन् ते वचनाचं मस्त जमवलं हां, भाऊ.” रागाने नाही म्हणाला. कौतुकाने म्हणाला. ते जास्त लागलं.

मग प्रज्ञा आली. शेजारच्या खुर्चीवर बसली.

“काका, ते वचनाचं खरं आहे?”

“खरं आहे.”

“म्हणजे तसंच घडलं? की बोलता बोलता सुचलं?”

हे घे, मिलिंद. जिंकलास. इतक्या चितांसमोर इतक्यांना मी कष्टाळू आणि कुटुंबवत्सल केलं, की आता माझ्या तोंडून खरं निघालं तर ते कसं ओळखायचं, ते कोणालाच कळत नाही. मी वाईट केलं असं मी अजूनही म्हणणार नाही. पण तुझ्या पोरीच्या तोंडून हा प्रश्न ऐकायला तू मला ठेवून गेलास, हे मी माफ करणार नाही. माझ्या जिभेवर एक सुंदर वाक्य आलं होतं. तिला मिठीत घेऊन ते म्हटलं असतं, तर तिने विश्वास ठेवला असता. मी ते गिळलं.

“जसं घडलं तसं सांगतलं,” मी म्हटलं. “तुले पटो का न पटो.”

तिने एकदा फोटोकडे पाहिलं. मग म्हणाली, “वचनाला साक्षीदार नाही. गाईला आहे. ती म्हातारी आहे का अजून?”

“माहीत नाही. असन.”

“घर दाखवू शकता?”

“दाखवतो.”

“मग रविवारी जाऊ.” असं म्हणून ती वाढायला उठली.

तर रविवारी आम्ही जातोय. म्हातारी असेल की नाही, मला ठाऊक नाही. असली, तरी तिच्या गोठ्यात पुष्कळ जनावरं जगली-मेली असतील, आणि सरकारी दवाखान्यातून आलेला एक आंबट तोंडाचा माणूस तिने का लक्षात ठेवावा? तू असतास तर म्हणाला असतास, विसरली तर विसरली, दुपार तर झाली ना बसून. तू म्हणाला असतास. मला ते पुरत नाही. मला ती म्हातारी जिवंत पाहिजे, आणि तिला सगळं आठवायला पाहिजे, तुझी शेणाने भरलेली पँटसुद्धा.

एक मात्र ठरवलं आहे. घर दाखवीन आणि मी बाहेरच थांबेन. आत गेलो तर मला राहवणार नाही. म्हातारी जरा अडखळली की मी तिला आठवण करून देईन, मग ती मान हलवील, आणि प्रज्ञाला पुन्हा मीच ऐकू येईन. म्हणून ती एकटी आत जाईल. म्हातारीला जे आठवेल ते ऐकेल, नाही आठवलं तर तेही तिच्याच तोंडून ऐकेल. मी रस्त्यावर उभा राहीन, तोंड बंद करून, ती बाहेर येईपर्यंत.